तीन भिंतींवर चित्रं, चौथीत कूलर

अमरावतीत उन्हाळा लागला हे खिडक्यांवरून कळतं. होळीच्या आसपास गच्चीवरून, जिन्याखालून, न्हाणीघराच्या मागून लोखंडी कूलर बाहेर निघतात. त्यांना वाळ्याच्या नवीन ताट्या लागतात, मोटर पाणी ओढते की नुसतीच गुरगुरते ते बघितलं जातं, आणि मग चार माणसं "धर, धर, अबे सोडू नको" असं ओरडत तो कूलर खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवतात. खिडकी आणि कूलर यांच्यामधल्या फटी थर्मोकोल, पुठ्ठा आणि एखाद्या जुन्या लुगड्याने बुजवायच्या. पावसाळा लागला की तीच चार माणसं पुन्हा येतात आणि कूलर उतरवतात. म्हणजे वर्षातले चार महिने आम्ही वऱ्हाडी लोक उजेड देतो आणि गारवा घेतो. पंचेचाळीस डिग्रीत कोणीही हा सौदा करील.

माझा कूलर मात्र दोन वर्षं उतरलाच नाही. लोकांनी विचारलं की मी कंबरेला हात लावून दाखवायचो. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय, असं म्हणायचो. कंबर दुखत होती हे खरं, पण ती साठीतल्या प्रत्येकाचीच दुखते. खरं कारण शेजारी होता.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये कंबरेएवढी भिंत आहे. तोही माझ्यासारखाच रिटायर आणि माझ्यासारखाच तापट. एका मे महिन्यात तो भिंतीशी येऊन म्हणाला, "भाऊ, तुमच्या कूलरचं पाणी माह्या भिंतीवर उडून राह्यलं. अंदर ओल आली ना. काढा तो कूलर."

मे महिन्यात अमरावतीच्या माणसाला कूलर काढ म्हणणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट ओढणं. मी म्हणालो, "तुमची भिंतच कच्ची असन."

"माही भिंत कच्ची? माह्या भिंतीले काही बोलू नका!"

"मंग माह्या कूलरले काहून बोलता?"

पुढे बरंच झालं. गल्लीतली माणसं फाटकांशी उभी राहून ऐकत होती. शेवटी तो जाताजाता म्हणाला, "पाऊस आला का काढाच लागन तुमाले." एवढंच त्याने म्हणायला नको होतं. पाऊस आला, गल्लीतले सगळे कूलर उतरले, आणि माझ्या लक्षात आलं की आता मी माझा उतरवला तर गल्ली म्हणेल, याने ऐकलं. म्हणून मी तो ठेवला. दिवाळी झाली, संक्रांत झाली, कडाक्याच्या थंडीतही माझा कूलर खिडकीत आपला छाती काढून उभा. शेजारी रोज सकाळी त्याच्याकडे बघायचा आणि मी दाराच्या पडद्याआडून शेजाऱ्याकडे बघायचो. त्यात मला काय आनंद मिळत होता ते आज सांगता येत नाही, पण मिळत होता.

ती खिडकी माझ्या बायकोची होती.

माझी बायको चांदूर बाजारची. भातकुलीकडच्या एका शाळेत तिने आयुष्यभर मास्तरकी केली. शाळेतले सगळे तक्ते ती स्वतः काढायची. फुलाचे भाग, पाण्याचं चक्र, कापसाचं बोंड, सगळं. आवाज असा की चौथीच्या शेवटच्या बाकावरचं झोपलेलं पोरगं जागं व्हावं. रिटायर झाल्यावर तिने समोरच्या खोलीतल्या खिडकीशी वेताची खुर्ची ओढली आणि तिथूनच गल्ली चालवायला घेतली. चहा तिथे, भाजी निवडणं तिथे, पेपर तिथे. आणि तोंडाने गल्लीचं धावतं वर्णन. "आज त्या शाळेच्या ऑटोत अकराच पोरं हायेत. बारावं कोणतं नाही आलं?" "या बाई उलट्या दिशेनं काहून चालल्या? यायले तं बँकेत जा लागते." भाजीवाल्याशी ती गजांमधूनच भांडायची आणि गजांमधूनच समेट करायची.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी तीस वर्षं अकोल्याच्या एका कचेरीत नोकरी केली आणि तीस वर्षं अप-डाऊन केलं. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत बडनेरा. रिटायर होऊन घरी बसलो तेव्हा पहिल्याच महिन्यात वाटलं, या वर्णनाने आपलं डोकं फिरणार.

कूलर राहिला त्या पावसाळ्यात ती म्हणाली, "काढा ना तो आता." मी हो म्हणालो. मग पुन्हा म्हणाली. मी पुन्हा हो म्हणालो. खुर्ची होती तिथेच राहिली. ती त्याच जागी बसायची, फक्त आता तिच्या नाकासमोर कूलरच्या पट्ट्या होत्या. हळूहळू धावतं वर्णन बंद पडलं. खरं सांगतो, सुरुवातीचे काही महिने मला फार बरं वाटलं. सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांना मी सांगितलंसुद्धा, की आमच्या घरात आता शांतता आहे. एकाने तर मला उपाय विचारला.

मग एकदा वरणात मीठ नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मी तसं बोललो. पूर्वी या एका वाक्यावर माझ्या आईपासून माझ्या आत्यापर्यंत सगळ्यांच्या हातच्या स्वयंपाकाचा इतिहास निघाला असता. ती म्हणाली, "बरं," आणि मिठाची बरणी आणून माझ्यासमोर ठेवली. त्या "बरं"ने मी घाबरलो. जेवता येईना. त्यानंतर मी बघू लागलो तर बघण्यासारखं पुष्कळ होतं. पेपर घडीसुद्धा न मोडता रद्दीत जात होता. माहेरी भाचीचं लग्न होतं, चांदूर बाजार म्हणजे काही परदेश नव्हे, पण ती गेली नाही. वऱ्हाडातलं माणूस धडधाकट असून लग्नाला जात नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एका दुपारी ती खुर्चीवर नुसती बसली होती. मी विचारलं, "काय होते तुले?"

"काही नाही," ती म्हणाली. "मले काही वाटतच नाही."

मी पुण्याला मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा, घरातलं वातावरण बदला. भोवती जे असतं त्याचा मनावर परिणाम होतो. भिंतींवर काहीतरी छान लावा, चित्रं वगैरे." तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला परिपत्रक आलं की तो अर्थाच्या भानगडीत पडत नाही, अंमलबजावणी करतो. मी बाजारात गेलो.

पहिल्या भिंतीवर सात पांढरे घोडे आले. दुकानदाराने बजावलं होतं की घोडे घरात येताना दिसले पाहिजेत. मी हिशेब करून खिळा ठोकला. घोडे घरात येत होते हे खरं, पण आमच्या त्या भिंतीच्या टोकाला संडासाचं दार आहे. सातही घोडे अत्यंत घाईने तिकडे निघालेले दिसायचे. आलेला पाहुणा पहिल्यांदा घोड्यांकडे बघायचा, मग दाराकडे, आणि मग माझ्याकडे.

दुसऱ्या भिंतीवर धबधब्याचा कागद चिकटवून घेतला. छतापासून जमिनीपर्यंत पाणीच पाणी, कडेने हिरवं जंगल. मी बायकोला म्हणालो, "पाह्य, कसं शांत वाटते." ती म्हणाली, "हं." पण ही भिंत कूलरच्या खिडकीला लागून. दोन उन्हाळ्यांची ओल तिच्यात मुरलेली होती. महिन्याभरात कागद फुगला, आणि धबधब्याच्या बरोबर मध्यभागी खरोखरचं पाणी पाझरायला लागलं. माझी भिंत कच्ची आहे हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून मी त्या बाजूची सगळी दारं लावून ठेवायला लागलो.

तिसऱ्या भिंतीवर एक विजेवर चालणारं चित्र आलं. कुठल्या तरी बर्फाळ देशातलं गाव, तळं, तळ्याकाठी लाकडी घरं. बटण दाबलं की घरांच्या खिडक्यांमध्ये दिवे लागायचे. हे चित्र मात्र बायकोने बराच वेळ बघितलं. माझा जीव भांड्यात पडला.

"त्यायच्या खिडक्या उघड्या हायेत," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हणालो. "थंड देश हाय. त्यायले कूलर लागत नाही."

हे मी बोललो. माझ्याच तोंडाने बोललो. आणि बोलून झाल्यावर चहा मागितला.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना मनाच्या डॉक्टरांकडे न्या. आता अमरावतीत असे डॉक्टर काय कमी आहेत? पण तिथे गेलं आणि कोणी पाहिलं तर? आमच्याकडे याला एक पक्की रीत आहे. अमरावतीच्या माणसाचं मन बिघडलं की तो अकोल्याला जातो आणि अकोल्याच्या माणसाचं बिघडलं की तो अमरावतीला येतो. दोन्ही गावांना वाटतं की दुसऱ्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही. मला तर अकोल्यात तीस वर्षांची ओळख. तरी मी अकोल्यालाच निघालो, कारण रीत म्हणजे रीत.

बडनेऱ्याला गाडीत चढलो तर समोरच्या बाकावर माझे जुने दोन अप-डाऊनवाले सोबती. "आज कुठं जोडीनं?"

"लग्नाले," मी म्हणालो.

"पौषात?"

पौष महिना चालू आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पौषात वऱ्हाडात कोणी लग्न करत नाही. मी घाईने म्हणालो, "लग्न नाही, तेरवी." ते दोघं गंभीर झाले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले. अशा रीतीने एका मिनिटात मी एका नवरदेवाला मारून टाकलं आणि मूर्तिजापूरपर्यंत त्याचं वय, आजार आणि मागे राहिलेली मुलंबाळं सांगत बसलो. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिला हसू आलं असतं तर मी अजून दोन माणसं मारली असती.

दवाखाना चांगला होता. दवाखान्यासारखा वास नव्हता. मोठ्या खिडक्या, माठ, बसायला साध्या खुर्च्या, आणि भिंतीवर पेशंट लोकांनीच काढलेली चित्रं. एक शेळी होती, एक विहीर होती, एक कोणाचा तरी तीन पुडांचा डबा होता. मी मनातल्या मनात माझ्या सात घोड्यांशी तुलना करत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातल्या माणसाकडे लक्ष गेलं. माकडटोपी नाकापर्यंत ओढलेली, वरून मफलर, फक्त डोळे उघडे. ते डोळे मी रोज सकाळी पडद्याआडून बघत होतो.

शेजारी उठून उभा राहिला. दोन वर्षांनी आमचं बोलणं झालं ते असं.

"दाताचा डॉक्टर इथंच हाय काय?" त्याने विचारलं.

"वरच्या मजल्यावर असन," मी म्हणालो.

"हो काय," असं म्हणून तो बाहेर गेला. त्या इमारतीला वरचा मजला नव्हता. पाच मिनिटांनी तो परत आला आणि आपल्या जागेवर बसला. मीही छताकडे बघत बसलो.

आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बायकोला काही विचारलं, बायकोने एकेका शब्दात उत्तरं दिली. मग त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवली. "काकू, बोलायचं नसलं तर नका बोलू. घरात तुम्ही जिथे बसता ना, तिथून काय दिसतं ते काढून दाखवता का?"

तक्ते सोडल्यापासून तिने पेन्सिल धरलेली मी पाहिली नव्हती. आधी तिने पेन्सिलीचं टोक तपासलं, कागद सरळ केला, आणि काढू लागली. मी मान वर करकरून बघत होतो. कागदभर एक चौकोन झाला. त्यात आडव्या पट्ट्या आल्या. एक पट्टी वाकडी आली, तिला बारीक तार गुंडाळलेली. कडेला थर्मोकोल, खालच्या फटीत कोंबलेल्या लुगड्याचं काठासकट टोक, डाव्या कोपऱ्यात गंजाचा ओघळ. बाकी काही नाही. माणूस नाही, खुर्ची नाही.

माझा आनंद मनात मावेना. "हुबेहूब!" मी ओरडलो. "डॉक्टर, ही पाहा, वरून सातवी पट्टी. ही तार मीच बांधली आहे! काय हात आहे पाहा हिचा!" माझा आवाज ऐकून कंपाउंडर आत डोकावला. त्यालाही मी कागद दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "काकू, याच्या मागे काय आहे?"

"गल्ली," बायको म्हणाली.

"ती दिसत नाही?"

"दोन वर्षं झाले."

"मग कूलर काढला का नाही?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांत तिने माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. मी उभ्या आयुष्यात ऑडिटच्या शेकडो आक्षेपांना उत्तरं लिहिली, त्याच सवयीने जुनंच उत्तर पुढे केलं. म्हणालो, "कंबर."

"कंबर नाही हो, डॉक्टर," ती म्हणाली. "नाक."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. त्या रोज घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, महिन्याने पुन्हा यायचं. "नुसता कूलर काढला की सगळं ठीक होईल असं समजू नका, काका," त्या म्हणाल्या. "पण काढा."

परतीच्या गाडीत आमच्यासमोर ओळखीचं कोणी नव्हतं. बोरगाव मंजू मागे पडल्यावर बायको आपणहून बोलली. "पहिल्या साली मी तुमाले चारदा सांगतलं. दुसऱ्या साली दोनदा. मंग वाटलं, या माणसाले ऐकूच येत नाही तं बोलून काय फायदा. मंग बाकीचं बोलनंबी गेलं." ती रागाने बोलत नव्हती. मला फार शरम वाटली. शांतता, शांतता म्हणून मी ज्याची फुशारकी मारत होतो, ते हे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मधल्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. शेजारी झाडांना पाणी घालत होता.

"दात कसा हाय?" मी विचारलं.

"बरा हाय. तुमचा?"

"कूलर काढायचा हाय," मी म्हणालो. "एकट्यानं निघत नाही."

त्याच्या तोंडावर विजय दिसेल म्हणून मी मन घट्ट करून उभा होतो. त्याने पाइप खाली टाकला. "भाऊ, एक सांगू काय? वहिनी सकाळी त्या भाजीवाल्याशी भांडत ना, तवा मले दिवस उगवल्यासारखं वाटे. घरात मी एकटा. पोरगं तिकडं बंगलोरले. दोन वर्षं झाले, तुमच्या घरातून आवाजच येत नाही. मले वाटलं, माह्यावरच्या रागानं तुमी दोघं मुद्दाम हळू बोलून राह्यले." मग पाइप उचलत म्हणाला, "कूलर काढू. स्टँडबी काढू."

पण कूलर आमच्या दोघांच्या बापाला निघाला नसता. दोन पावसाळ्यांच्या गंजाने नट-बोल्ट जाम धरले होते. ज्यांनी हा कूलर बनवला त्या मिस्त्रींनाच बोलवावं लागलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या पत्र्याचं काम. ते आले, कूलरभोवती एक चक्कर मारली, आणि म्हणाले, "साहब, लोग अब लगाने को बुलाएंगे, और आप निकालने को बुला रहे? तबियत ठीक है ना?"

"तिच्यासाठीच काढून राह्यलो," मी म्हणालो.

कापायच्या मशीनने बोल्ट कापले. ठिणग्या उडाल्या, गल्ली जमली. शेवटी कूलर खाली उतरला आणि अंगणात त्याची पाठ आमच्याकडे झाली. मागच्या पत्र्यावर, टाकीच्या वर, तळहाताएवढा लाल गुलाब रंगवलेला होता. दोन हिरवी पानं, पानांवर शिरासुद्धा. मी हे फूल कधी पाहिलंच नव्हतं.

"ये किसने बनाया?" मी विचारलं.

मिस्त्री जरा लाजले. "हमने ही। वालिद शादी की पेटियों पे फूल बनाते थे। अब पेटी कौन लेता? तो हम हर कूलर के पीछे एक बना देते।"

"मागे कोण बघते?"

"हम देखते ना, साहब। दिनभर टीन ठोकना, दिल को भी तो कुछ लगता।"

बायको दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे गुलाब गल्लीकडं आन् पट्ट्या माह्याकडं." मिस्त्रींनी मान खाली घातली. मी तर आधीच घातलेली होती.

थर्मोकोल निघालं, लुगडं निघालं, कोळ्यांची जाळी निघाली. खोलीत ऊन आलं आणि माझी तिन्ही चित्रं उघडी पडली. घोड्यांवर धूळ होती, धबधब्यावर बुरशी होती, आणि त्या बर्फाळ गावाचे दिवे दिवसाउजेडी अगदीच केविलवाणे दिसत होते. बायको खुर्चीत बसली आणि बाहेर बघत राहिली. आम्ही तिघं पुरुष मागे उभे. तेवढ्यात भाजीवाला आला. गाडी खिडकीसमोर आली तशी ती म्हणाली, "ते मेथी कालची हाय."

भाजीवाल्याने दचकून वर पाहिलं. "काकू! तुमी हायेत काय? मले वाटलं, तुमी पुण्याले गेल्या पोरीकडं!"

मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून रडलो. नळ कशासाठी सोडला ते बाहेरच्या दोघांना कळलं असणार.

यापुढे सगळं छान झालं असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. कधी ती चार दिवस बोलायची आणि दोन दिवस पुन्हा गप्प. गोळ्यांनी आधी झोप यायची, मग तोंड कोरडं पडायचं, मग हळूहळू बरं वाटायला लागलं. होळी आली आणि गल्लीतले सगळे कूलर खिडक्यांत चढले. माझी खिडकी उघडी बघून लोक विचारत, "यंदा एसी घेतला काय?" मी नाही म्हणायचो. एप्रिलात दुपारच्या झळा थेट आत यायला लागल्या. मी ओल्या चादरी बांधून, डोक्यावर ओला पंचा घेऊन, तत्त्वासाठी मरायला तयार झालो होतो. शेवटी बायकोच भडकली. "मले खिडकी पाहिजे होती, उष्माघात नाही! मागच्या खोलीत लावा तो कूलर, तिथून तसाबी संडासाचा पाइपच दिसते." तिचं हे वाक्य पुरेशा मोठ्या आवाजात होतं. पलीकडून शेजारी म्हणाला, "आलो, वहिनी!"

घोडे तिने मिस्त्रींना देऊन टाकले, त्यांच्या दुकानात मोकळी भिंत होती. धबधबा आपला आपण गळून पडला. विजेचं गाव शेजाऱ्याने मागून नेलं. त्याला परदेश आवडतो.

दर महिन्याच्या फेऱ्या चालूच होत्या, मे महिन्यातही आम्ही अकोल्याला गेलो. या वेळी गाडीत कोणी विचारलं तेव्हा बायकोनेच सांगितलं, "डॉक्टरकडं चाललो. डोक्याच्या." समोरच्या बाई पुढे सरकून हळूच म्हणाल्या, "कोणत्या? मलेबी जायचं हाय."

डॉक्टरीणबाईंनी बायकोशी बराच वेळ गप्पा मारल्या. मग कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "काका, आता तुम्ही."

"मला काय झालंय?"

"काही नाही. घरातली तुमची जागा काढा. तुम्ही जिथे बसता ती."

मला ते पोरखेळच वाटलं, पण पेन्सिल घेतली. समोरच्या खोलीचा चौकोन काढला. खिडकीशी बायकोची खुर्ची काढली. मग मी कुठे बसतो ते आठवू लागलो. दिवाणावर बसतो, पण पाहुणे आले की उठतो. स्वयंपाकघरात पाय अडकतात म्हणून मला हाकलतात. मागच्या खोलीत झोपतो, बसत नाही. तीस वर्षं मी त्या घरातून लवकर निघालो आणि उशिरा परतलो, आणि परतल्यावरही बाकीच्यांच्या जागांमधून वाट काढत फिरलो. खोडरबराने कागद काळा झाला. मग हाताने आपोआप जे काढलं ते असं होतं: एक बाक, बाकाच्या वर पिशवी अडकवायचा हूक, आणि दोन आडव्या गजांची खिडकी.

बायकोने वाकून बघितलं. "ही गाडीतली सीट हाय."

"घरातली सांगितली होती, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घरात नाही," मी म्हणालो. मला ते हसत म्हणायचं होतं.

परतीच्या वाटेवर बायको एक शब्द बोलली नाही. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, ऑटो केला, तरी गप्प. वाटलं, ते पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी माझ्या त्या कागदामुळे. घरी आलो. तिने कुलूप काढलं, चप्पल काढली, आणि थेट मागच्या व्हरांड्यात गेली. तिथून ती एक प्लास्टिकची खुर्ची फरशीवर करकर ओढत घेऊन आली. आपली वेताची खुर्ची तिने हातभर बाजूला सरकवली आणि दुसरी तिच्या शेजारी, बरोबर खिडकीसमोर लावली.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. खुर्ची जरा डुगडुगत होती. बाहेर ऊन कलत होतं, समोरच्या घरातली मुलगी सायकलला हवा भरत होती, एक माणूस पाण्याचा जार खांद्यावर घेऊन घर शोधत होता. मला वाटलं, आपणही काहीतरी बोलावं.

"तो माणूस," मी म्हणालो, "चुकीच्या गल्लीत..."

"चूप बसा," ती म्हणाली. "आधी नीट पाहून घ्या."